सासुरवाडीतली लाल खुर्ची

माझ्या सासुरवाडीत माझ्यासाठी एक लाल खुर्ची आहे. प्लॅस्टिकचीच, पण हातांची. एरवी ती आतल्या खोलीत ज्वारीच्या कोठीमागे, जुन्या लुगड्याखाली झाकून ठेवलेली असते. आमची गाडी दारात थांबली की सासूबाई आधी खुर्ची बाहेर काढतात, पदराने पुसतात, अंगणातल्या लिंबाखाली मांडतात आणि मगच ‘या सर’ म्हणतात. त्या खुर्चीवर दुसरं कुणी बसत नाही. गावातली मोठी माणसं आली तरी बाजेवर टेकतात. माझा चहासुद्धा वेगळा. बाकी सगळ्यांना स्टीलच्या पेल्यात, मला गुलाबाच्या फुलांच्या कपबशीत.

आता यात रडण्यासारखं काय आहे, असं कुणी विचारेल. माझी बायको तेच विचारते. एकदा गाडीत ती वैतागून म्हणाली, ‘‘लोकांचे नवरे सासुरवाडीत मान मिळत न्हाई म्हणून रुसतात. तुमी मान मिळतो म्हणून रुसता. तुमचं काय करावं माणसानं?’’

खरं कारण सांगायची मला लाज वाटत होती. खरं कारण माझा साडू.

आमच्या सासऱ्यांना दोन मुली, मुलगा नाही. थोरली माझी बायको. धाकटी तिथेच गावात दिली, बोरीच्या पुढे आत वळल्यावर लागणाऱ्या त्याच गावात. माझा साडू शेतकरी. त्याचा बांध आणि सासऱ्यांचा बांध एकमेकांना लागून. मी परभणीच्या एका हायस्कुलात मराठी शिकवतो, म्हणून मी ‘सर’. गाव मला सर म्हणतं, सासूबाई सर म्हणतात, ज्यांच्या पायांवर मी डोकं ठेवतो ते सासरेही ‘‘बसा सर, ऊन लय हाय’’ म्हणून स्वतः बाजेच्या कडेला अवघडून बसतात. मग आमचं बोलणं होतं. पाऊस काय म्हणतो, शाळा कशी चाललीय, रस्ता झाला का. जिल्हाधिकारी दौऱ्यावर आल्यावर बोलतात तसं.

आणि साडू आला की? त्याची मोटारसायकल अजून बंदही झालेली नसते, तेवढ्यात सासऱ्यांचा आवाज चढतो. ‘‘आरं, हिकडं कुठं आलास सरळ? म्हशीला पाणी कोण दावणार, तुजा आजा?’’ तो हसत वळतो, म्हशीला पाणी दाखवतो, येताना कोपऱ्यातली कुदळ जागेवर लावतो, चुलीपाशी उकिडवा बसून परातीतलं काहीतरी तोंडात टाकतो. सासूबाई त्याच्या पाठीत धपाटा घालतात. ‘‘हात धुतलास का मेल्या?’’

मला या माणसाचा हेवा वाटतो. हेवा म्हणणंही सौम्यच झालं. जळफळाट होतो. लाल खुर्चीत बसून, हातात गुलाबाची कपबशी धरून मी त्या धपाट्याकडे बघत असतो. माझ्या पाठीत त्या घरात आजवर कुणी धपाटा घातलेला नाही.

सुरुवातीला असं नव्हतं, हेही सांगितलं पाहिजे. लग्न झालं तेव्हा मला तो मान फार गोड लागला. मी कारकुनाचा तिसरा मुलगा. थोरल्या दोघांचे उसवलेले शर्ट घालून मोठा झालेला. माझ्यासाठी कुणी उठून उभं राहतंय, पुरणावर तूप वाढताना ‘बास’ म्हणेपर्यंत धार थांबत नाही, हे सगळं नवीन होतं. पुढं धाकटीचं लग्न झालं. साडू आला तेव्हा मी मनात म्हटलं, चला, एक कच्चा गडी आला, आपला थोरलेपणा आणखी वाढला.

मग माझे वडील गेले. माझे वडील मोठे रागीट. मी चाळिशी ओलांडलेला, दोनशे पोरांना गप्प बसवणारा मास्तर. पण गॅसचा नंबर लावायला विसरलो तर ते म्हणत, ‘‘डोकं शाळेत ठेवून आलास का?’’ ते गेल्यावर घर एकदम सभ्य झालं. शाळेत सर, गल्लीत सर, भाजीवाल्याकडे सर, थोरले भाऊसुद्धा पुण्याहून फोनवर जपूनच बोलायला लागले. कधीतरी एका दुपारी सासुरवाडीच्या अंगणात सासऱ्यांनी साडूला ‘‘डोकं हाय का खोकं?’’ म्हणून झापलं आणि मी खुर्चीत एकदम ताठ झालो. तो ओरडा मला ओळखीचा होता. फक्त तो माझ्यासाठी नव्हता.

त्या दिवसापासून माझं सुरू झालं.

मी प्रयत्न केले नाहीत असं नाही. एकदा आडावरून बादली भरून आणायला गेलो. सासूबाईंनी ती हातातून अक्षरशः हिसकावली. ‘‘काऊन पाप लावता सर आमाला? जावयानं पाणी भरलं तर आमच्या हातचं देव तरी पाणी पिईल का?’’ एकदा अंगण झाडायला खराटा घेतला तर शेजारणी दारात येऊन उभ्या राहिल्या. आमच्याकडे जावई म्हणजे देव. देवाने झाडलोट करायची नसते. आणि साडू? तोही जावईच की! पण तो गावातला, डोळ्यांसमोर वाढलेला. त्याचा बाप तो लहान असतानाच गेला, तेव्हा याच अंगणात खेळून जेवून तो घरी जायचा. तो देव व्हायच्या आधीच त्या घरचं पोरगं झाला होता. मी आधी देव झालो, आणि माझा पुढचा रस्ताच खुंटला.

यंदाच्या मे महिन्यात तर कळस झाला. सासऱ्यांना मोतीबिंदू होता, शस्त्रक्रिया करायची हे मला माहीत होतं. ‘‘सांगा, मी सगळी व्यवस्था करतो,’’ असं मी दोनदा म्हटलंही होतं. ‘‘सांगतो की सर,’’ असं उत्तर मिळालं होतं. पुढं एका संध्याकाळी बायको फोनवर बहिणीशी बोलत होती, ‘‘थेंब येळच्या येळी टाकायलेत ना?’’ मी विचारलं, कसले थेंब? तिने जीभ चावली. शस्त्रक्रिया होऊन चार दिवस झाले होते. कुठे? परभणीत! आमच्या घरापासून चालत जाता येईल एवढ्या अंतरावर. साडू त्यांना घेऊन आला, रात्रभर त्यांच्या खाटेखाली चटई टाकून झोपला, सकाळी रिक्षा करून एसटी स्टँडवर घेऊन गेला. आणि माझी बायको ‘मैत्रिणीकडे जाऊन येते’ म्हणून जो डबा घेऊन गेली होती, तो त्या दोघांचा डबा होता.

‘‘बाबाच म्हणले, सरांना सांगू नको,’’ ती म्हणाली. ‘‘सुट्टीत जरा आराम करायलेत, कशाला तरास द्यायचा.’’

मी त्या दिवशी खरंच आराम करत होतो. कूलरसमोर आडवा पडून कलिंगड खात होतो. तिकडे चार गल्ल्या सोडून माझा सासरा डोळ्यावर पट्टी बांधून पडला होता आणि त्याचा हात धरून त्याला मोरीपर्यंत न्यायचं काम दुसरा माणूस करत होता. मी बायकोशी दोन दिवस बोललो नाही. तिसऱ्या दिवशी तिने विचारलं, ‘‘तुमाला शेत पायजे का त्यांचं? मग कशाचा एवढा राग?’’ शेत! तिला काय सांगणार, मला ती खाटेखालची चटई पाहिजे होती.

त्यात अधिक महिना लागला. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात, तो हाच. आम्ही याला धोंड्याचा महिना म्हणतो. तीन वर्षांतून एकदा येतो आणि जावयांचं पीक येतं. लेक-जावयाला लक्ष्मी-नारायण मानून बोलवायचं, पाय धुवायचे, पुरणाचे धोंडे करून वाढायचे, जाळी पडलेले अनारसे आणि दिवा तांब्याच्या ताटातून दान द्यायचे. सासऱ्यांची यावर गाढ श्रद्धा. या महिन्यात ते रोज दिवेलागणीला पोथी वाचतात. यंदा डोळ्यांमुळे त्यांना वाचता येईना. मग कोण वाचणार?

मी मराठीचा शिक्षक. शाळेच्या कार्यक्रमांचं सूत्रसंचालन मी करतो. गल्लीतल्या सत्यनारायणाला भटजींचा घसा बसला तर कथा मी वाचतो आणि बायका म्हणतात, सरांनी वाचलं की डोळ्यांसमोर उभं राहतं. पोथी वाचत होता माझा साडू. एका संध्याकाळी बायकोने फोन स्पीकरवर लावला आणि मला त्याचं वाचन ऐकू आलं. एकेक शब्दाला तो ठेच लागल्यासारखा थांबत होता, जोडाक्षर आलं की खोकत होता. मधेच सासऱ्यांचा आवाज, ‘‘आरं, काना खाल्लास की तू.’’ तो पुन्हा मागून सुरू. मी फोनकडे बघत बसलो होतो. बोरीपर्यंतचा रस्ता काही अमेरिकेचा नाही. रोज संध्याकाळी जाऊन वाचून परत आलो असतो. फक्त ‘या’ म्हणायला पाहिजे होतं.

‘या’ म्हटलं ते धोंड्याच्या जेवणाला. बायकोने मला सायीच्या रंगाचा नवा शर्ट घालायला लावला. आम्ही सकाळीच पोचलो. खुर्ची लिंबाखाली तयार होती. सासरे काळा चष्मा लावून बाजेवर बसले होते. वाळले होते. मी पाया पडलो आणि म्हणालो, ‘‘मामा, मला कळवायला पाहिजे होतं.’’

‘‘तुमाला कशाला तरास, सर,’’ ते म्हणाले. ‘‘बसा. ऊन लय हाय.’’

मी बसलो. दुसरं काय करणार?

थोड्या वेळाने सासरे डोळ्यात थेंब टाकून घ्यायला आत गेले आणि आडवे झाले. आत दोघी बहिणी आणि सासूबाई पुरणात गुंतल्या होत्या. तेवढ्यात घरामागे ट्रॅक्टर वाजला. शेतातला उरलासुरला कडबा ट्रॉलीत घालून साडू घेऊन आला होता. घरामागे अर्धी रचलेली गंजी होती, तिच्यावर हा चढवायचा होता. आभाळ वळवाचं होतं. ज्वारीचा कडबा एकदा भिजला की काळा पडतो, मग जनावरं तोंड लावत नाहीत, एवढं मलाही माहीत होतं. रोजाने बोलावलेला गडी आलाच नव्हता आणि ट्रॅक्टरवाला घाई करत होता. ‘‘मला दुसरी खेप हाय बप्पा, लवकर खाली करा.’’

मी खुर्चीतून मान वळवून बघत होतो. साडू ट्रॉलीत चढून चार-सहा पेंड्या गंजीवर फेकायचा, मग उतरून गंजीवर चढून त्या रचायचा, पुन्हा खाली. घामाने निथळत होता. हे एकट्याचं काम नव्हे. मला एकदम वाटलं, आत सगळे कामात आहेत, अंगणात कुणी नाही. मी उठलो. नवा शर्ट काढून खुर्चीच्या पाठीवर अडकवला. दावणीच्या खुंटीवर साडूचा कामाचा मळका शर्ट होता तो घातला, त्याचाच गमछा डोक्याला गुंडाळला आणि मागच्या बाजूने जाऊन शिडीने गंजीवर चढलो.

‘‘दादा! आवो काय करायलाव?’’ तो ट्रॉलीतून ओरडला.

‘‘फेक,’’ मी म्हणालो.

‘‘मामा मला जित्ता गाडतेल!’’

‘‘फेक म्हणतो ना.’’

त्याने एक पेंडी फेकली. ती छातीवर आदळून मी बसलोच. दुसरी झेलली. तिसरीपासून जमायला लागलं. कडब्याची कुसळं गळ्यात घुसत होती, हातांना चरे पडत होते, आणि मला इतकं बरं वाटत होतं की काय सांगू. मी पेंड्या ओळीने मांडत होतो, पुस्तकं मांडावीत तशा.

तेवढ्यात खालून आवाज आला.

‘‘आरं ए! बुडखा कुणीकडं केलायस?’’

सासरे मागच्या दारात उभे होते. काळा चष्मा, कपाळावर हात आडवा धरलेला, दुसरा हात भिंतीला. मी खाली बघितलं आणि जागच्या जागी गोठलो.

‘‘बुडखे भायेर, शेंडे आत, एवढं बी सांगावं लागतंय का? पानी सगळं आत नेऊन मुरवतो का? डोळे माजे गेलेत का तुजे?’’

मला लख्ख कळलं. डोक्याला साडूचा गमछा, अंगात साडूचा शर्ट. डोळे अजून धूसर. ते मला साडू समजले होते. तिकडे ट्रॉलीत साडूने तोंड उघडलं, ‘‘मामा, ते...’’ मी घाईघाईने त्याला बोटाने गप्प बसायची खूण केली.

‘‘उचल ती ओळ सगळी!’’ सासरे ओरडले. मी उचलली. ‘‘आता फिरीव. हां. पाय दे त्याच्यावर, दाबून बसव. काऊन, जेवला न्हाईस का सकाळी? जोर लाव की मर्दा!’’

मी पाय दिला, जोर लावला. ते सांगत गेले, मी करत गेलो. कोपरा कसा बांधायचा, मध्ये फुगवटा कसा ठेवायचा, म्हणजे पाणी वाहून जातं. मधेमधे माझ्या अकलेचा उद्धार चालूच होता. मी तोंडातून अवाक्षर काढलं नाही, कारण आवाज ओळखला असता तर सगळं संपलं असतं. लगेच खुर्ची आली असती. वडील गेल्यापासून ज्याची वाट बघितली ते मला मिळत होतं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते काही कुसळांमुळे नव्हतं.

पण माणसाचं मन मोठं चमत्कारिक. ट्रॉली रिकामी झाली, सासरे भिंत चाचपत आत गेले, आणि मी गंजीवर बसून घाम पुसत असताना एक विचार आला, की हे माझं नव्हतंच. ही शिवी साडूची, ही माया साडूची. मी फक्त त्याचा शर्ट घालून त्याच्या वाट्याचं खाऊन आलो. लेकी बोले सुने लागे म्हणतात. इथे तर लेकीला बोलले आणि सून हरखून गेली अशी गत. मला पुन्हा त्याचा हेवा वाटला, आणि या वेळी आधीपेक्षा जास्त.

तो वर चढून माझ्याशेजारी बसला. हसत होता. ‘‘माज्या वाटंच्या शिव्या खाल्ल्या की दादा तुमी.’’

‘‘तुझं बरं आहे बाबा,’’ माझ्या तोंडून गेलं.

‘‘माजं?’’ तो माझ्याकडे बघत राहिला. ‘‘तुमचं बरं हाय. तुमी आलाव की खुर्ची निघती. मला लग्नाच्या सालात पाट मांडला, रांगोळी काढली. दुसऱ्या सालात हातात खोरं दिलं ते आजपस्तोर हाय. मागच्या धोंड्याला तुमचे पाय धुतले तवा मी खताच्या गाडीमागं होतो. आलो तवर ताटं उचलली व्हती. मामी म्हणल्या, घरचाच हाय, चुलीपाशी बस.’’ त्याने गवताची काडी मोडली. ‘‘घरचाच हाय, हे खरं. पर मी बी जावई हाय की.’’

तो खाली उतरायला लागला तेव्हा शिडीवर त्याचे पाय दिसले. पायांना कडब्याची धूळ होती, पण टाचा त्याने विटकरीने घासल्या होत्या. भेगांच्या कडा लाल झाल्या होत्या. आज पाय धुतले जाणार म्हणून सकाळी तो टाचा घासून बसला होता.

आंघोळी करून आम्ही जेवायला आलो. सासूबाईंनी मला सायीच्या रंगाच्या शर्टात बघितलं आणि त्यांना काही कळलं नाही, असं मी धरून चाललो. दोन पाट शेजारी मांडले होते. डॉक्टरांनी सासऱ्यांना वाकायला मनाई केली होती, म्हणून ते भिंतीला टेकून बसले, तोंडाने देवाचं नाव घेत राहिले आणि पाय सासूबाईंनी धुतले. आधी माझे. ‘‘पानी लय गार न्हाई ना, सर?’’ त्यांनी विचारलं. मी नाही म्हणालो. मग साडूचे. तो अंग चोरून बसला होता, मान खाली. सासूबाईंनी त्याची टाच हातात धरली, तिच्यावरून अंगठा फिरवला. ‘‘किती रे भेगा ह्या. तेल लावत जा म्हणून किती डाव सांगावं?’’ त्यांनी पदरानेच ती पुसली, जरा वेळ तशीच धरली. साडूचा चेहरा उजळला होता. बिचाऱ्याला इतक्या वर्षांनी पाट मिळाला होता, आणि मी मात्र शेजारी बसून हिशेब करत होतो, की माझी टाच त्यांनी पुसली का? नव्हती पुसली. माझ्या पायांवर पाणी पडलं आणि निथळून गेलं. माझ्या टाचांना भेगा नाहीत, हा काय माझा दोष?

धोंडे उत्तम झाले होते. तूपही धार धरून होतं. मी ‘बास’ म्हणालो तेव्हाच थांबलं.

ऊन उतरल्यावर निघायचं होतं, पण सासरे म्हणाले की दिवा लागेपर्यंत थांबा, पोथी ऐकून जा. सगळे अंगणात बसलो. मी अर्थात लाल खुर्चीत. सासूबाईंनी तुळशीपाशी दिवा लावला. साडू रोजच्यासारखा उठला, हात धुतले, कोनाड्यातून लाल फडक्यात बांधलेली पोथी आणली आणि घसा खाकरला. ते शब्दांना ठेचा लागत चाललेलं वाचन आता तासभर ऐकायचं, तेही जीभ आवरून, या विचाराने मी आधीच कासावीस झालो होतो.

‘‘तू ठिव ती,’’ सासरे एकदम म्हणाले. ‘‘तुजं वाचणं ऐकून देव बी पेंगायलाय.’’

साडू पोथी हातात धरून थांबला. सासऱ्यांनी काळा चष्मा माझ्या दिशेने वळवला.

‘‘आन तू रं? गंजीवर बसून बुडखे आत करणारा. पेंड्या तर रचता येत न्हाईत. वाचता तरी येतंय का बगू. ये, खाली बस हितं.’’

बायको माझ्याकडे बघायला लागली. सासूबाई घाबऱ्याघुबऱ्या झाल्या. ‘‘आवो, काय बोलायलाव? सर हायेत ते! तुमाला दिसंना का?’’

‘‘दिसतंय की. एवढे डोळे करून आणले ते कशाला?’’ ते म्हणाले. ‘‘सकाळी बी दिसलं. ह्यानं कंदी उलटी पेंडी ठिवलीय का जल्मात?’’ त्यांनी साडूकडे हात केला. ‘‘खाली उतरा म्हणलं असतं तर पुन्ना जाऊन खुर्चीत बसला असता. म्हणलं, करायलाय तर करू दे लेकराला.’’

मी खुर्चीतून उठलो. त्यांच्या बाजेजवळ जमिनीवर मांडी घातली, साडूच्या हातून पोथी घेतली, कपाळाला लावली आणि उघडली. आणि मी, मराठीचा शिक्षक, शाळेचा सूत्रसंचालक, पहिल्याच ओवीला अडलो. अक्षरं पुसट दिसत होती. पुन्हा सुरुवात केली तर ओळच चुकली.

‘‘सबूर,’’ सासरे म्हणाले. ‘‘थांबत थांबत वाच. गाडी पकडायची का तुला?’’

मी श्वास घेतला आणि वाचायला लागलो. तिसऱ्या-चौथ्या ओवीला आवाज सुटला. सासऱ्यांनी चष्मा काढून मांडीवर ठेवला, डोळे मिटले. त्यांचा एक हात बाजेवरून खाली लोंबत होता आणि बोटं माझ्या खांद्याला टेकली होती. मला सगळं मिळालं होतं. आता काही मागायचं राहिलं नव्हतं.

पान उलटताना सहज मान वर झाली. साडू माझ्या लाल खुर्चीत बसला होता. आधी टेकला असावा, आता चांगला मागे रेलून, दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर, घासलेल्या टाचा पुढे करून. सासूबाईंनी त्याला चहा दिला होता. गुलाबाच्या कपबशीतून. तो बशी दोन्ही हातांनी धरून, एक थेंब सांडू न देता, अगदी पाहुण्यासारखा पीत होता.

आणि माझ्या पोटात, देवाशपथ सांगतो, बारीकशी कळ आली. ती खुर्ची माझी होती. कपबशी तर नक्कीच माझी होती.

माझी ओवी मध्येच लांबली. खांद्यावरची बोटं उचलली गेली आणि डोक्यात एक टपली बसली.

‘‘ध्यान कुठंय तुजं?’’ सासरे म्हणाले. ‘‘पोथीत बग.’’